लोणारचा खार आणि मिठापूरचा सोडा

बुलढाणा जिल्ह्याच्या व्यापाराचा इतिहास लिहायला घेतला की लेखणी आपसूक कापसाकडे वळते. त्याला कारणही आहे. जलंब ते खामगाव हा छोटासा लोहमार्ग 1870 साली सुरू झाला तेव्हा त्याच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते, आणि हे सगळे कापसासाठी होते. चिखलीहून अमडापूरवरून खामगावकडे उतरणारी वाट ज्या मुलखातून जाते, त्या मुलखाची ओळख तेव्हापासून कापसाचीच राहिली. पण याच जिल्ह्यात कापसाच्या भरभराटीच्या कितीतरी आधीपासून दुसरा एक व्यापार चालत होता. अमडापूरच्या दक्षिणेला, मेहकरच्या पलीकडे, लोणारच्या विवरातल्या खाऱ्या सरोवरातून निघणाऱ्या खाराचा. आजच्या भाषेत सांगायचे तर तो रसायनांचा धंदा होता. त्याची लेखी नोंद चारशे वर्षांहून जुनी आहे. म्हणजे सोडा बनवून जगभर विकणाऱ्या युरोपातल्या कारखान्यांच्या जन्माच्या दोनशे वर्षे आधीची. तरीही तो धंदा विझला आणि त्याच पदार्थावर इतरत्र प्रचंड उद्योग उभे राहिले. असे का झाले याचे नेहमीचे उत्तर ‘साठा लहान, वाहतूक कठीण, राज्य परके’ असे असते. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण पुरेशा नाहीत. माझे म्हणणे असे आहे की रासायनिक धंदा वाढतो तो जमिनीतल्या साठ्यावर नव्हे; एका मालामागे उरणाऱ्या दुसऱ्या मालाचे काय करायचे हे ज्याला कळते आणि उद्याच्या नफ्यात ज्याचा हात गुंतलेला असतो, असा मालक लाभला तर तो वाढतो. लोणारला असा मालक कधीच मिळाला नाही.

आधी लोणारला काय होते ते नीट पाहू. दख्खनच्या काळ्या पाषाणात उल्कापाताने पडलेले हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आहे आणि त्याच्या तळाशी सुमारे 1.2 किलोमीटर व्यासाचे उथळ सरोवर आहे. पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने उडून जाते तेवढेच. त्यामुळे खडकातून आणि झऱ्यांतून विरघळून आलेले क्षार तळाशी साठत गेले. त्यांत मीठ आहे तसा धुण्याचा सोडाही आहे, आणि म्हणूनच पाणी नुसते खारट नाही, तर साबणासारखे बुळबुळीत आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की काठावर पांढरी पापुद्री धरायची आणि चिखलात स्फटिक बसायचे. मजूर पाण्यात उतरून ते उपसून काढत, वाळवत आणि प्रत वेगळी करत. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाडच्या सुभ्याचे वर्णन करताना मेहकर सरकारातल्या लोणारचा उल्लेख केला, तेव्हा तीर्थक्षेत्र म्हणून असलेल्या थोरवीबरोबरच काच आणि साबण यांना लागणारा माल इथे मिळतो आणि त्यावरच्या करातून सरकारला चांगले उत्पन्न होते, हेही त्याने आवर्जून लिहिले. दैत्यसूदनाचे मंदिर आणि गोमुखाची धार यांच्या शेजारीच बाजारासाठी माल तयार होत होता. इंग्रजी अमलातल्या गॅझेटिअरांनी या मालाच्या प्रतींची नावेही टिपून ठेवली: डल्ला, निमक-डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की.

या नावांकडे रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिले तर आदर वाटावा अशी गोष्ट दिसते. एकाच सरोवरातून निघणारा माल वेगवेगळ्या नावांनी विकला जात होता, कारण प्रत्येकात सोडा, मीठ आणि माती यांचे प्रमाण वेगळे होते. हा फरक प्रयोगशाळेत मोजलेला नव्हता. स्फटिकाचा आकार, त्याचा ठिसूळपणा, चव आणि पाण्यातली विद्राव्यता यांवरून तो ओळखला जात होता. परटाला कपडे धुण्यासाठी, रंगाऱ्याला कापडावर रंग चढवण्यासाठी, काचाऱ्याला बांगडीची काच वितळवण्यासाठी, साबण करणाऱ्याला आणि पापड लाटणाऱ्या घराला असा खार लागायचा. एका कच्च्या मालातून अनेक धंद्यांसाठी अनेक प्रती काढण्याला आजचे उद्योजक विविधीकरण म्हणतात. लोणारच्या कामगारांना ते साधले होते. तेव्हा ‘आपल्याकडे ज्ञानच नव्हते’ हा पहिला समज बाजूला ठेवावा लागतो. ज्ञान होते. पण ते साठत नव्हते, एका पिढीच्या हातातून दुसरीच्या हातात जसेच्या तसे जात होते. त्यावर पैसा लावून ते पुढे न्यावे, असे कोणाला वाटायचे कारणही नव्हते. खार काढण्याचा हक्क मक्त्याने दिला जाई. मक्तेदाराचे सारे गणित मक्त्याच्या मुदतीत बसवलेले. मुदत संपायच्या आत जास्तीत जास्त माल उपसणे त्याच्या हिताचे होते. मिठातून सोडा वेगळा करण्याची भट्टी बांधणे, वाळवणासाठी पक्के ओटे घालणे, चार वर्षांनी फळ देईल असा काही प्रयोग करणे त्याच्या हिताचे नव्हते. सरकारच्या दृष्टीने लोणार हे महसुलाचे एक कलम होते, आणि कलमाकडून लोक वसुलीची अपेक्षा करतात, वाढीची नाही.

नेमक्या याच काळात युरोपात सोड्याचे काय चालले होते ते पाहिले म्हणजे फरक कळतो. फ्रान्समध्ये निकोलस लब्लां याने 1791 मध्ये मिठापासून सोडा करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. मिठावर गंधकाम्ल टाकायचे, मग कोळसा आणि चुनखडीबरोबर भट्टीत भाजायचे. पद्धत चालली, पण तिच्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचे लोट निघत आणि कारखान्याच्या भोवतालची झाडे, शेते जळून जात. इंग्लंडच्या संसदेला 1863 मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. कायद्याने धुराड्यातून आम्ल सोडायला बंदी आली तेव्हा कारखानदारांनी ते पाण्यात धरले, त्यापासून क्लोरीन काढला, क्लोरीनपासून ब्लीचिंग पावडर केली आणि ती कापडगिरण्यांना विकली. कालपर्यंत जो उपद्रव होता त्यावरच पुढे या कारखान्यांचे पोट चालू लागले. दरम्यान बेल्जियममध्ये अर्नेस्ट सॉल्वे याने 1861 मध्ये वेगळी वाट काढली: मिठाचे पाणी, चुनखडी आणि अमोनिया. यात अमोनिया महाग, पण तो वाया जाऊ न देता पुन्हा पुन्हा फिरवता येतो आणि तो जितका कमी हरवेल तितका सोडा स्वस्त पडतो. जॉन ब्रनर आणि लुडविग मॉंड यांनी 1873 मध्ये चेशायरमधल्या विनिंग्टनला याच पद्धतीचा कारखाना घातला आणि मॉंडने वर्षानुवर्षे त्याच एका गळतीचा पाठलाग केला. सॉल्वेपुढे लब्लांच्या कारखान्यांचा सोडा महाग ठरू लागला. तरी ते पुढची कित्येक वर्षे तगून राहिले ते सोड्यामुळे नव्हे, ब्लीचिंग पावडरमुळे; 1890 च्या सुमारास ते एकत्र येऊन त्यांची युनायटेड अल्कली ही मोठी कंपनी झाली, आणि 1926 मध्ये ब्रनर मॉंडसह ती आयसीआय या महाकंपनीत सामील झाली. रसायनांच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा धडा मला यात दिसतो. मुख्य माल हरला तरी जोडमाल धंदा तगवून नेतो, पण त्यासाठी उरलेसुरले हिशेबात धरणारा कोणीतरी जागेवर असावा लागतो. लोणारला सोडा वेचून बाजूला काढल्यावर जे मीठ, जी माती, जे पाणी उरे त्याचा हिशेब कोणाकडेच नव्हता.

मग लोणारच्या खारावर घाव आले, आणि ते एका दिशेने आले नाहीत. पहिला अर्थातच विलायती सोड्याचा. तो पांढराशुभ्र, एकसारखा आणि स्वस्त होता. परटाला आणि साबणवाल्याला आता प्रत पारखायची गरज उरली नाही. दुसरा घाव कमी लक्षात येतो. तो गिऱ्हाइकांवर पडला. आल या झाडाच्या मुळांपासून लाल रंग काढून कापड रंगवणाऱ्यांना क्षाराची गरज असे. 1869 मध्ये जर्मनी आणि इंग्लंडमध्ये कृत्रिम अलिझरीन हा लाल रंग साधला आणि काही दशकांत आलाची शेती आणि तिच्यावर जगणारे रंगारी दोन्ही मागे पडले. काचाऱ्यांचे तेच झाले. ऑस्ट्रियाहून आलेल्या चकचकीत बांगड्यांनी गावठी काचेची बांगडी बाजारातून हटवली. म्हणजे लोणारचा माल स्पर्धेत हरण्याआधीच तो विकत घेणारे धंदे एकेक करून खचत होते. रेल्वेबद्दल इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लोणारला रेल्वे नव्हती म्हणून तिथला धंदा वाढला नाही, असे म्हटले जाते. लोणारला रेल्वे आजही नाही. चिखलीवरून जाणारा खामगाव-जालना लोहमार्ग व्हावा ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि अमडापूरच्या पट्ट्यातल्या लोकांनी ती कधी सोडलेली नाही. ती मागणी न्याय्य आहे याबद्दल मला शंका नाही. पण रूळ दोन्ही दिशांना चालतात. ज्या आगगाडीने खामगावची रुई मुंबईला नेली, तिनेच येताना विलायती सोडा, विलायती रंग आणि विलायती बांगड्या वऱ्हाडात उतरवल्या. गाडी लोणारच्या दारापर्यंत आली असती तर खाराचा व्यापार आणखी लवकर बुडाला असता, असेच पुरावा सांगतो. रस्ता आणि रूळ वाढीला मदत करतात ते पाठवायला काही नवे असले तर.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. सरोवरच मुळी लहान आहे, त्यावर उद्योग उभा राहिलाच कसा असता? हिशेब मांडून पाहू. साधारण 1.1 चौरस किलोमीटर क्षेत्र आणि चारेक मीटर पाणी धरले तर सुमारे 44 लाख घनमीटर पाणी होते. त्यात विरघळलेले क्षार एका टक्क्याच्या आगेमागे धरले तर सारे मिळून चाळीस-पंचेचाळीस हजार टन भरतात, आणि त्यातही मिठाचा वाटा मोठा. पूर्वी खारटपणा जास्त होता असे धरून हा आकडा दुप्पट केला, चिखलातले स्फटिकही मिळवले, तरी निष्कर्ष बदलत नाही. गुजरातमधला मिठापूरचा कारखाना एका वर्षात आठ-नऊ लाख टन सोडा काढतो. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाच्या ला टूश आणि क्रिस्टी यांनी लोणारच्या भूगर्भाचा आणि सोड्याचा अभ्यास 1912 मध्ये प्रसिद्ध केला. तोवर शास्त्रज्ञांनाही हे स्पष्ट होते की येथे मोठ्या कारखान्याला पुरेल एवढा साठा नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. लोणारचे सरोवर कधीच मिठापूर झाले नसते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र मान्य नाही, कारण मिठापूरला तर सोड्याचा नैसर्गिक कणही नव्हता. तिथे समुद्राचे पाणी होते, चुनखडी होती आणि बाकी सगळे माणसांनी आणले. साठा नसताना उद्योग उभा राहिला, तेव्हा साठा लहान असणे हे उद्योग उभा न राहण्याचे पुरेसे कारण असू शकत नाही. लहान साठा बियाण्यासारखा वापरता येतो: त्यातून गिऱ्हाईक, कारागीर आणि पारख तयार ठेवायची आणि कच्चा माल नंतर दुसरीकडून आणायचा. जगातल्या कितीतरी रासायनिक कंपन्यांची गावे अशीच आहेत. मूळ खाण केव्हाच संपली, कारखाना चालूच आहे.

मिठापूरची गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटू नये. मिठापूर ज्या ओखामंडळात आहे, तो बडोदे संस्थानाचा भाग होता आणि बडोद्याच्या गादीवर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून 1875 मध्ये दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड होते. त्यांनी 1890 मध्ये बडोद्याला कलाभवन काढले. त्याचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी कापडाच्या रंगाईचे रसायनशास्त्र तिथे देशी विद्यार्थ्यांना शिकवले. इंग्लंडमध्ये शिकलेल्या कपिलराम वकिलांनी 1920 च्या दशकात ओख्याला मिठागर उभारले ते याच महाराजांच्या पाठबळावर. त्यातूनच पुढे 1939 मध्ये टाटा केमिकल्स स्थापन झाली. सुरुवात अतिशय खडतर होती. सॉल्वे पद्धतीचे बारकावे मोजक्या युरोपीय कंपन्यांनी आपसांत जपून ठेवलेले होते, युद्धामुळे यंत्रे मिळेनात आणि कारखान्यातले दोष घरच्याच माणसांना शोधून दुरुस्त करावे लागले. कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या दरबारी सेठ यांच्या काळात तो स्थिरावला. पावसाचा भरवसा नसलेल्या त्या कोरड्या किनाऱ्यावर बाष्पकांना लागणारे गोडे पाणी ही कायमची चिंता होती, म्हणून समुद्राच्या पाण्याची वाफ करून ते मिळवले जाऊ लागले. वाफ निघून गेल्यावर मागे उरले ते अतिशय शुद्ध मीठ. पाण्यासाठी केलेल्या खटाटोपातून हाती आलेले हे मीठ, आयोडीन घालून आणि पिशवीत भरून, 1983 पासून टाटा नमक म्हणून घराघरांत गेले. सोड्याच्या टाकाऊ गाळाचा सिमेंटमध्ये उपयोग झाला, मिठाच्या उरलेल्या पाण्यातून ब्रोमिन निघाले. उरलेल्याचा हिशेब ठेवणे म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण भारतीय उद्योगात मला दुसरे सापडत नाही.

इथे राजकीय आक्षेप येतो: इंग्रज सरकारला देशी उद्योग नकोच होता, त्यात लोणारचे वेगळे ते काय? आक्षेप खरा आहे, पण त्याने सगळा उलगडा होत नाही, कारण मिठापूरही त्याच साम्राज्याच्या छायेत उभे राहिले. देशातले सोड्याचे आरंभीचे कारखाने कुठे निघाले ते पाहावे. एक ध्रांगध्रा संस्थानात, दुसरा बडोदे संस्थानात. थेट इंग्रजी मुलखात, पंजाबातल्या खेवड्याच्या मिठाच्या डोंगरापाशी, 1944 च्या सुमारास जो निघाला तो आयसीआयच्याच गोतावळ्यातला होता. म्हणजे जिथे स्थानिक राज्यकर्त्याला आपल्या मुलखाच्या वाढीत स्वतःचा लाभ दिसत होता, तिथे देशी सोडा तयार झाला. वऱ्हाडची अवस्था याच्या अगदी उलट होती. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले ते हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या पगाराची तजवीज म्हणून. कारभार इंग्रजांचा, नावाची मालकी निजामाची, खर्च वजा जाता उरलेले निजामाला द्यायचे. 1902 मध्ये ही व्यवस्था वर्षाला 25 लाख रुपयांच्या कायम पट्ट्यात बदलली आणि 1903 मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले. या व्यवस्थेत लोणारच्या भविष्यात गुंतवणूक कोणी करायची? निजामाला आता ठरीव रक्कम मिळणार होती, मुलूख वाढो वा न वाढो. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखी वऱ्हाड म्हणजे लँकेशायरच्या गिरण्यांना पुरवठा करणारे कापसाचे शेत होते. पूर्णा खोऱ्यातल्या खाऱ्या विहिरींवर चालणारे मीठ त्यांनी बंदच करून टाकले होते. इतकेच नव्हे, निजामाच्या राज्यात उरलेल्या भागात चित्र वेगळे दिसते: नांदेडला उस्मानशाही कापडगिरणी निघाली, 1929 मध्ये हैदराबाद सरकारने उद्योगांना भांडवल देण्यासाठी खास निधी उभारला. लोणारपासून मराठवाड्याची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. ही रेषा थोडी उत्तरेला सरकली असती तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर इतिहास देत नाही. पण हद्दीच्या पलीकडे उद्योगाला सरकारी भांडवल मिळत होते आणि अलीकडे मिळत नव्हते, ही वस्तुस्थिती आहे.

शिक्षणाची कथाही याच्याशी जोडून पाहावी लागते. बडोद्याचे कलाभवन 1890 चे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग 1933 चा. विदर्भात रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारी नागपूरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट 1942 मध्ये सुरू झाली, तीही कामठीचे मँगनीजच्या खाणींचे मालक डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या देणगीतून. त्या दानशूर माणसाचे ऋण विदर्भावर मोठे आहे. पण बडोद्यानंतर अर्धशतक गेले होते, आणि लोणारच्या खाराला पहिला शिकलेला देशी रसायनतज्ज्ञ मिळू शकला असता तो काळ त्या अर्धशतकातच संपला.

मिठापूरनंतर टाटा केमिकल्सने जो पसारा वाढवला त्यात लोणारच्या दृष्टीने एक विलक्षण गोष्ट घडली. 2005 च्या अखेरीस कंपनीने ब्रनर मॉंड ताब्यात घ्यायला सुरुवात केली. ज्या विनिंग्टनच्या सोड्याने एकेकाळी आपल्याकडची बाजारपेठ व्यापली, तोच कारखाना मुंबईच्या मालकीचा झाला. आणि ब्रनर मॉंडबरोबर केनियातले मगाडी आले. मगाडी हे लोणारसारखेच बाहेर वाट नसलेले सोड्याचे सरोवर आहे, फक्त अवाढव्य. रिफ्ट खोऱ्यातले उष्ण खारे झरे त्याला सतत नवा सोडा पुरवतात. 1911 मध्ये तिथे कंपनी निघाली, तिच्यासाठी लोहमार्ग टाकला गेला आणि 1924 मध्ये ती ब्रनर मॉंडकडे आली. 2008 मध्ये टाटांनी अमेरिकेतल्या वायोमिंगमधला ग्रीन रिव्हरचा, ट्रोना या सोड्याच्या खनिजाच्या खाणीवरचा कारखानाही घेतला. तिथला सोडा पाच कोटी वर्षांपूर्वी आटून गेलेल्या सरोवराचा आहे. आता माझ्या मतावर उलट बाजूने आक्षेप येईल, आणि तो यायलाही हवा. वायोमिंगचा नैसर्गिक सोडा कारखान्यात बनवलेल्या सोड्यापेक्षा स्वस्त पडतो. विनिंग्टनचे सोड्याचे उत्पादन 2014 मध्ये बंद झाले. मग शेवटी साठाच जिंकला ना? काही अंशी हो. जमिनीखाली अब्जावधी टन ट्रोना असेल तर त्याच्यापुढे कृत्रिम पद्धतीची दमछाक होते. पण वायोमिंगचा साठा विकत घेण्याची ऐपत कोणात आली हे विसरता येत नाही. ज्या कंपनीने साठा नसताना समुद्र, चुनखडी आणि वाया जाणारी वाफ यांच्यावर सत्तर वर्षे काढली, तिच्यातच ती आली. शिवाय वाढ म्हणजे सतत जोडत जाणे नव्हे. त्याच कंपनीने बबराल्याचा युरियाचा कारखाना 2018 मध्ये यारा या नॉर्वेच्या कंपनीला विकला आणि 2020 मध्ये मिठासह खाद्यपदार्थांचा धंदा टाटांच्याच दुसऱ्या कंपनीकडे दिला. काय सोडायचे हे ठरवायलाही मालकीच लागते. मक्तेदार माल सोडून जाऊ शकतो, पण धंद्याची दिशा बदलू शकत नाही.

अखेरचा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण त्यात सरोवराच्या बाजूने बोललेले आहे. लोणारला उद्योग झाला नाही हेच बरे झाले, असे अनेक जाणकार मानतात. तिथे कारखाना असता तर विवर, त्यातली देवळे, पक्षी आणि पाण्यातले सूक्ष्मजीव यांपैकी काही उरले असते का? भूविज्ञान सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवारसा म्हणून घोषित केले, 2000 मध्ये ते अभयारण्य झाले, 2020 च्या नोव्हेंबरमध्ये रामसर यादीत गेले. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत शोधले. हे सारे टिकले याचा आनंद कोणालाही होईल, मलाही आहे. पण सरोवर वाचवायला कारागिरीचा बळी आवश्यक नव्हता. विवराच्या काठावर कारखाना घालणे आणि विवरातल्या खारापासून मिळालेली पारख मेहकर-चिखली-खामगावच्या बाजारपेठेत कामाला लावणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली नाही ते ठीक. दुसरी झाली नाही, आणि तिच्यासाठी सरोवराला हात लावण्याची गरजही नव्हती. मजुरांच्या पिढ्यांची माहिती गॅझेटिअरच्या एका परिच्छेदात आटली, आणि त्या मजुरांची मुले कापूस वेचायला गेली.

लोणारचे मोल आता सोड्यात उरलेले नाही. ते त्या पाण्यात जगणाऱ्या जीवाणूंत आहे. जपानचे कोकी होरिकोशी यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून क्षारात वाढणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास केला आणि त्यांपैकी एकाच्या एन्झाइमवर 1987 मध्ये काओ कंपनीची ‘अटॅक’ ही धुण्याची पावडर बाजारात आली. सोड्याच्या पाण्यात टिकणारे एन्झाइम सोडा मिसळलेल्या पावडरीत टिकणारच, हा त्यातला साधा आणि सुंदर विचार होता. लोणारच्या पाण्यातून असे जीवाणू आपल्या संशोधकांनीही वेगळे केले आहेत. मात्र केनियाच्या सोडा सरोवरांतल्या जीवाणूंवरून काय झाले ते लक्षात ठेवायला हवे. तिथल्या जीवाणूपासून मिळालेले एन्झाइम जीन्स मऊ करण्यासाठी एका परदेशी कंपनीने वापरले. नमुने परवानगीशिवाय नेले असा दावा केनियाच्या वन्यजीव खात्याने केला आणि कंपनीने तो फेटाळला. भारतात 2002 च्या जैवविविधता कायद्याने अशा लाभात स्थानिकांचा वाटा मान्य केलेला आहे आणि त्यासाठी गावोगावच्या समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या नोंदवहीत वनस्पती आणि प्राणी येतात, त्यांच्याबरोबर लोकांचे पारंपरिक ज्ञानही यावे असे कायदाच सांगतो. डल्ला कसा ओळखायचा, खुप्पल कोणत्या महिन्यात बसतो, भुस्की कोणाला विकायची, ही माहिती मेहकर आणि लोणार तालुक्यांतल्या ज्या म्हाताऱ्यांकडे अजून असेल, ती त्यांच्या हयातीतच, त्यांच्याच शब्दांत आणि गावाच्या नावावर नोंदवली पाहिजे. पुढे कधी या पाण्यातून काही विकले गेले, तर लाभाचा वाटा मागायला गावाला कागद लागेल.